स्केचबुकात जिवंत, फायनलला मेलेलं: जलरंगातल्या पुस्तकचित्रांबद्दल

वसईच्या एका मुलीने विचारलंय: "ताई, अप्लाइड आर्ट करून दोन वर्षं झाली. पहिलं बालपुस्तक मिळालंय आणि ते जलरंगातच हवंय. स्केचबुकमध्ये माझी चित्रं बरी होतात, पण तेच फायनल कागदावर घेतलं की मरतं. एकच पान चार वेळा केलं. त्यात हा पाऊस, काही वाळतच नाही. तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेमकं कसं करता?"

आधी मला सांग, तुझं स्केचबुक कुठलं आहे? बहुतेक ए-फाइव्ह असेल, दीड-दोनशे जीएसएमच्या, म्हणजे मध्यम जाडीच्या, कागदाचं. तळहाताहून थोडं मोठं पान. त्यावर आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा हात, टाकायला दहा सेकंद लागतात आणि तो चार-पाच मिनिटांत वाळतो. कॉलेजपासून तुझा हात त्या घड्याळावर चालतोय. फायनलला तू ३०० जीएसएमचा कॉटनचा कागद घेतेस, आकाराने चार-पाच पट. हा कागद पाणी पोटात धरून ठेवतो. वॉश संपवायला मिनिट लागतं, आणि तू खालच्या उजव्या कोपऱ्यात पोचतेस तोवर वरचा डावा कोपरा अर्धवट सुकलेला असतो. हात मात्र जुन्याच घड्याळावर. मग कुठे कडा उमटते, कुठे कॉलिफ्लॉवर, म्हणजे फुलकोबीसारखा कडेदार डाग, फुलतो, तू ते सारखं करायला जातेस आणि चिखल होतो. आपल्याला वाटतं, फायनलची भीती वाटली म्हणून बिघडलं. भीती असते, पण तिच्याकडे नंतर येऊ.

यावरचा उपाय अगदी कारकुनी आहे. ज्या कागदावर पुस्तक करायचंय त्याचीच एक पूर्ण शीट घे, २२ बाय ३० इंचाची. तिचे सोळा तुकडे कर. साडेपाच बाय साडेसातचा एक तुकडा होतो. पुढचे दोन महिने तेच तुझं स्केचबुक. कागद महाग आहे, मला ठाऊक आहे. पण चार वेळा फसलेलं पान त्याहून महाग पडलं असेल.

दुसरं कारण जास्त खोल आहे. स्टेशनवर बसून स्केच करतेस तेव्हा तू एकच गोष्ट ठरवत असतेस: त्या बाईची पाठ कशी वाकलीय. फायनलला बसतेस तेव्हा हातात ओला ब्रश असतो आणि डोक्यात दहा प्रश्न. मागची भिंत गडद घेऊ का? साडी हिरवी की जांभळी? मजकूर कुठे येणार? पाणी तुझ्या उत्तरासाठी थांबत नाही. सत्तावीस वर्षांत माझी जी काही पद्धत बनली ती या एका गोष्टीभोवती बनली आहे: जे कोरड्या कागदावर ठरवता येतं ते सगळं कोरडं असतानाच ठरवायचं. ब्रश ओला झाला की मग फक्त पाण्याकडे बघायचं.

एका पुस्तकावरून सांगते, नाहीतर हे सगळं हवेत राहील.

दोन वर्षांपूर्वी एक बालपुस्तक केलं. लहान मुलगी पहिल्यांदाच आजीबरोबर पहाटे ससून डॉकला जाते, एवढीच गोष्ट. पानं ३२. छापखान्यात मोठा कागद दुमडून सोळा-सोळा पानांचे फर्मे होतात, म्हणून बालपुस्तकं बहुतेक याच हिशेबात बसवतात. त्यातून शीर्षक, श्रेयनामावली वगैरे गेलं की हातात बारा-तेरा जोडपानं उरतात. म्हणजे तेरा चित्रांत अख्खी पहाट उगवायची.

संहिता आल्यावर दोन दिवस मी पेन्सिल हातात घेत नाही. नुसती वाचते. मग शब्दांनी जे सांगून टाकलंय ते खोडते. 'आजीने पाटी डोक्यावर घेतली' असं लिहिलेलं असेल तर पाटी घेणारी आजी काढून मी काय नवीन दिलं? मी ती मुलगी काढली, जिच्या उंचीवरून आजीचा फक्त काष्टा, ओल्या पायांच्या टाचा आणि पाटीतून टपकणारं पाणी दिसतं. चित्रकाराला गोष्टीत जागा असते ती अशा फटींत.

मग थंबनेल, म्हणजे पानांची छोटी कच्ची चित्रं. काडेपेटीएवढी, सगळी एकाच मोठ्या कागदावर, शेजारी शेजारी. त्यामुळे कळतं की सलग तीन पानं काळोखीच झालीत किंवा पाचव्यापासून आठव्यापर्यंत सगळे लोक एकाच अंतरावर उभे आहेत. रंग अजिबात नाही. फक्त तीन टोन: कोरा कागद, मधला करडा, गडद. काडेपेटीच्या आकारात जे वाचता येत नाही ते बावीस इंचांवर नेऊनही वाचता येणार नाही, तिथे फक्त चूक मोठी दिसेल. या पुस्तकासाठी साठ-सत्तर थंबनेल झाली असतील. प्रकाशकांना तेराच दाखवली. सगळी दाखवायची नाहीत. दाखवलंस तर त्यांना नेमकं तुला नको असलेलं आवडतं.

डॉकवर तीनदा गेले, पहाटे पाचच्या आत. १८७५ साली सुरू झालेली ही गोदी आजही रोज मासळी उतरवते आणि तिथे उभं राहायला सुद्धा जागा मागून घ्यावी लागते. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात डबा उघडून बसले तर एक मावशी म्हणाल्या, "ए बाय, रंगवतेस काय, बाजूला हो, पाटी येतेय." त्यानंतर मी रंग नेलेच नाहीत. छोटी वही आणि पेन. वहीत चित्रं कमी, टिपणं जास्त: 'बर्फ निळा नाही, ट्यूबलाइटखाली हिरवट'. 'ओलं लुगडं कोरड्यापेक्षा दोन टोन गडद'. 'पापलेटच्या पोटात वरचं आकाश दिसतं'. फोटो मीही काढते, पण तो आकारासाठी. काळोखाचे फोटो मोबाइल आपल्या मर्जीने उजळवून देतो, म्हणून रंग फोटोवरून घ्यायचे नाहीत. रंगाच्या बाबतीत माझं ते वेडंवाकडं टिपण जास्त खरं असतं.

रफ मी पूर्ण आकारात करते, स्वस्त कागदावर, आणि मजकूर जिथे येणार तिथे त्याची प्रिंट कापून चिकटवते. चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छापून झाल्यावर कापला जाणारा जादा भाग, आणि मधल्या घडीत काही महत्त्वाचं नाही. माझ्या दुसऱ्याच पुस्तकात नायिकेचं नाक बाइंडिंगमध्ये गेलं होतं. प्रकाशकांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. पुस्तक हातात आलं तेव्हा मुलगी दोन्ही पानांवर अर्धी अर्धी. रफ पास झाल्याचं लेखी घे, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. जलरंगात 'आजीला जरा डावीकडे सरकवा' असं काही नसतं, त्याचा अर्थ पान पुन्हा करणं एवढाच.

आता चित्र मरण्याची खरी जागा. रफवरून फायनल कागदावर रेघ नेताना. एलईडीच्या लाइट पॅडवर खोली अंधारी केली की ३०० जीएसएममधूनही अंधुक दिसतं. पूर्वी मी दुपारी गॅलरीच्या काचेला कागद लावून करायचे. तू काय करतेस? रेघेवर रेघ गिरवतेस. गिरवलेली रेघ सगळीकडे सारख्या जाडीची, सारख्या वेगाची आणि भित्री असते, तिच्यावर कितीही चांगला रंग दिला तरी चित्र ताठच राहतं. मी फक्त जागा नेते. डोळा इथे, कोपर इथे, पाटीची कड इथून इथे. ठिपके आणि तुटक खुणा. मग दिवा बंद करून रफ बाजूला उभं करते आणि नव्याने काढते. पेन्सिल एचबी. टू-बी पसरते आणि कडक पेन्सिलने कागदाला चर पडते. रबर शक्यतो पुटीचा आणि तोही दाबून उचलायचा. घासलेल्या जागी कागदाचं साइझिंग, म्हणजे पाणी वर थांबवणारा लेप, जातं, तिथे रंग शोषला जातो आणि आजीच्या गालावर नको तिथे डाग उगवतो.

रंगांबद्दल लोक फार विचारतात आणि मला त्यात फार रस नाही. आपण सगळेच कॅमलच्या डब्यावर वाढलो. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरुवात केली, त्या कॅम्लिनचा डबा महाराष्ट्रातल्या प्रत्येक दप्तरात होता. शिकायला तो उत्तम. पण कामासाठी ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचायला शिक. तिथे पिगमेंटचा कोड असतो. एकच कोड असेल तर ती ट्यूब एकाच रंगद्रव्याची. स्वस्त सेटमध्ये एका ट्यूबमध्ये दोन-तीन द्रव्यं असतात. अशा दोन ट्यूब मिसळल्यास की पाच द्रव्यं भांडायला लागतात. माझ्याकडे सहा असतात: अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, थॅलो ब्लू पीबी १५:३, बर्न्ट सिएना पीबीआर ७, क्विनाक्रिडोन रोझ पीव्ही १९, एक पारदर्शक पिवळा पीवाय १५० आणि यलो ऑकर. हिरवा, काळा, करडा मी विकत घेत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून जो करडा होतो त्यात अर्धी मुंबई रंगवता येते. ओली डांबरी सडक, लोकलचा टप, ढग, कावळा. सिएना मुळात नारिंगीच्या घरातला, म्हणून निळ्याला विझवतो. वर अल्ट्रामरीन दाणेदार, कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतो, त्यामुळे तो करडा सपाट दिसत नाही.

चिखलाला मात्र रंगांपेक्षा घाईच जास्त जबाबदार असते. अर्धवट ओल्या थरात पुन्हा ब्रश घातला की खालचा रंग उठतो. कितीही शुद्ध ट्यूब घे.

म्हणून आता पाणी आणि पाऊस. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण परदेशी पुस्तकांतून जलरंग शिकलेल्यांना इथेच मुंबई दगा देते. 'पाच मिनिटं वाळू द्या' असं जे लिहिलेलं असतं ते कुठल्यातरी कोरड्या हवेतलं. जुलैत इथल्या हवेत ऐंशी-पंच्याऐंशी टक्के आर्द्रता असते. पाणी जाणार कुठे?

घड्याळ बघूच नकोस. चमक बघ. बोर्ड खिडकीच्या दिशेला थोडा तिरका कर आणि कागदाच्या पातळीवर डोळा आणून बघ. आधी पाणी साचून आरशासारखं चमकतं, तेव्हा रंग टाकलास तर तो मनमानी पळतो. मग साटिनसारखी चमक येते. ढग, धुकं, पहाटेच्या दिव्याचं वलय हे सगळं या वेळेत. मग चमक जाते पण कागद अजून गार असतो. ही सगळ्यात फसवी वेळ. डोळ्याला कोरडा दिसतो आणि तुझ्या ब्रशमधलं पाणी कागदातल्यापेक्षा जास्त असतं, ते आत घुसून रंग कडेला ढकलतं आणि कॉलिफ्लॉवर होतो. हाताची मागची बाजू कागदाजवळ ने. गार लागला तर हात लावायचा नाही. गारवा गेला की कोरडा. गोरेगावच्या माझ्या खोलीत मे महिन्यात ही सगळी यात्रा पाच-सात मिनिटांत संपते. जुलैत वीस मिनिटं, अर्धा तासही लागतो.

पंखा बंद. पंखा कागद सगळीकडून सारखा वाळवत नाही, कडा आधी ओढून घेतो. हेअर ड्रायर चालतो, पण चमक गेल्यावरच, दीड फुटावरून आणि सतत फिरता. चमक असताना मारलास तर हवा रंगाला ढकलत नेते. एसी असेल तर ड्राय मोडवर अर्धा तास आधी खोली तयार कर. आणि मास्किंग फ्लुइड, म्हणजे कोरा ठेवायचा भाग झाकणारं पातळ रबर, लावलेलं असेल तर ड्रायर विसर. उष्णतेने ते रबर कागदाला भाजल्यासारखं चिकटतं. पावसात ते दोन दिवसांवर कागदावर ठेवूही नये. मी एकदा चार दिवस ठेवलं, काढताना चित्रातल्या बर्फाबरोबर मावशींचा हातही सोलून आला.

पावसाळ्याशी सतत भांडूनही चालत नाही. हळू वाळणं हीच वेट-इन-वेटची, म्हणजे ओल्यावर ओला रंग सोडण्याची, चैन आहे. कोरड्या गावातले चित्रकार कागदावर फवारे मारत बसतात, आपल्याला ते फुकट. म्हणून मी पुस्तकाची पानं क्रमाने रंगवतच नाही. ससून डॉकच्या पुस्तकातली काळोखाची, धुक्याची, पावसाची पाच पानं मी जुलै-ऑगस्टमध्ये केली. उन्हातली, कडक कडांची, मासळी मांडलेली पानं ठेवली ऑक्टोबर हीटसाठी. प्रकाशकांना पहिलं पान शेवटी मिळालं, त्यांची जरा चलबिचल झाली, पण तेवढं चालायचंच. दिवाळी अंकांना ही सोय नसते. मुखपृष्ठाचं काम भर पावसातच येतं. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे कितीतरी मुखपृष्ठं याच ओलीत वाळली असणार. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. त्यांची मुखपृष्ठं रद्दीच्या दुकानात मिळाली तर सोडू नकोस. किती थोड्या टोनमध्ये माणूस उभा राहतो ते दहा फुटांवरून बघ.

आता कागदाचं मरण. चांगल्या जलरंगाच्या कागदाला साइझिंग असतं, बऱ्याचदा जिलेटिनचं, त्यामुळेच पाणी वर थांबतं. आपल्या दमट हवेत ते सडतं. मी एका वर्षी सवलतीत दहा शीट्स घेतल्या आणि कपाटामागे, बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. जुलैत त्यातली एक ताणून आकाश टाकलं तर रंग टिपकागदासारखा आत गेला आणि वर काळसर ठिपक्यांची पुरळ. दहाच्या दहा गेल्या. तेव्हापासून लागेल तेवढाच घेते, प्लास्टिकमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून आडवा, खोलीच्या आतल्या भिंतीच्या फळीवर ठेवते. काम सुरू करण्याआधी कोपऱ्यावर स्वच्छ पाण्याचा एक थेंब. तो फुगून बसला तर कागद जिवंत. झिरपून डाग पडला तर ती शीट जलरंगाला घ्यायची नाही.

स्ट्रेचिंग, म्हणजे कागद भिजवून बोर्डावर ताणणं, सोडू नकोस, निदान पावसात तरी. शीट पाच-दहा मिनिटं पाण्यात, मग मरीन प्लायवर, कडांना खाकी गम टेप. रात्रभर ठेवायचं. ३०० जीएसएमला गरज नाही असं खूप जण सांगतात. मोठ्या वॉशमध्ये त्या कागदाच्याही दऱ्या-डोंगर होतात आणि सगळा रंग दऱ्यांत जाऊन बसतो.

भीतीचं आता. मी प्रत्येक जोडपानासाठी दोन शीट्स ताणते, दोन्हींवर तेच रेखाटन. आधी रंगवते तो बळीचा बकरा. त्यावर काही झालं तरी चालेल असं मनाला पक्कं सांगून बसते. तिथे चुका होतात, पाण्याचा अंदाज येतो, मग दुसरा करते. आणि गंमत बघ, ससून डॉकच्या तेरा पानांपैकी पाच छापली गेली ती बकऱ्याची. कागद दुप्पट लागतो. मानधन ठरवताना तो धरायचा.

मासळी मांडलेल्या पानाचा दिवस असा गेला. सकाळी आधी सगळे रंग मोठ्या वाट्यांत कालवून ठेवले, लागतील त्याच्या दुप्पट. वॉशच्या मध्यावर रंग संपला आणि पुन्हा कालवायला गेलीस तर तोच रंग परत होत नाही, आणि तोवर कड पडते. त्याच कागदाच्या पट्टीवर चाचणी करून ती पूर्ण वाळवून बघितली. जलरंग वाळला की फिका होतो, म्हणून ओला असताना 'बाप रे, फारच गडद' असं वाटलं तरच तो बरोबर असतो. तुझी फायनल फिकी पडत असतील तर हेही एक कारण. जलरंग म्हणजे फिकटच, असं ज्यांना वाटतं त्यांनी म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघावं. बघणारे त्याला सर्रास तैलरंग समजतात, काही तर रविवर्म्याचं समजतात. आहे ते जलरंग.

मग चेहरे. होय, आधी. मागची भिंत दोन दिवस रंगवून शेवटी आजीचा चेहरा बिघडला तर रडायला होतं. पहिल्या तासात बिघडला तर फक्त कागद गेला. चेहरे जमले की मागचा मोठा वॉश: दिव्यांखाली पिवळा, ओल्यातच बाजूने निळा आणि दोघांच्या मध्ये साध्या पाण्याची पट्टी, नाहीतर तिथे हिरवं होतं. सात-आठ मिनिटांचं काम. त्यानंतर मी खोलीबाहेर जाऊन चहा टाकते. खोलीत राहिले तर हात जातोच. दुसऱ्या थरात मधले टोन, आणि शेजारी बसलेल्या तीन बायका एकाच आकारात. त्यांची लुगडी वेगवेगळ्या रंगांची असली तरी टोन एक, म्हणून कडा एकमेकींत सोडल्या. शेवटी गडद, मोजून दहा-बारा जागी.

पापलेटची चांदी मला तीन दिवस छळत होती. चंदेरी म्हणून मी करडा देत होते आणि मासा सिमेंटचा होत होता. वहीतलं टिपण पुन्हा वाचलं, पोटात वरचं आकाश दिसतं. चंदेरी असा रंगच नाही. पोट चक्क कोरा कागद ठेवला, पाठीला करड्याचा एकच फटकारा, त्यात ओल्यातच थोडा निळा आणि शेजारच्या लुगड्याचा गुलाबी, आणि जिथे चमक संपते तिथे एकदम कडक गडद कड. चार फटकाऱ्यांत मासा ओला झाला. चित्रकार प्रल्हाद धोंड, जे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे अधिष्ठाता होते, त्यांचे समुद्र बघताना मला नेहमी हेच जाणवतं. लाट कुठे रंगवलीय हे शोधायला जावं तर तिथे कागद असतो.

बिघडलं तर? पूर्ण वाळेपर्यंत काहीही करायचं नाही. अल्ट्रामरीन ओलसर सपाट ब्रशने बऱ्यापैकी उचलता येतो. थॅलो कागदाला धरून बसतो, तो जात नाही. जिथे पुढे उचलावं लागेल असं वाटतं तिथे तो वापरूच नये. पांढरा गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, मी बिनधास्त वापरते. शुद्धतावाल्यांना ते पाप वाटतं. पुस्तक वाचणारं सहा वर्षांचं पोर तुझी परीक्षा घेत नाही.

स्कॅन ६०० डीपीआयला करून ठेव, छपाईला मूळ आकारात ३०० पुरतो. स्कॅनर फिके वॉश गिळतो, म्हणून मी सगळ्यात फिका टोन कागदावर गरजेपेक्षा थोडा जास्त ठेवते. आणि निळ्याची काळजी घे. एका पुस्तकात माझी अल्ट्रामरीनमधली अख्खी पहाट छापून आली तेव्हा जांभळाच्या रसासारखी होती. तो निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, तसाच उतरत नाही. तेव्हापासून छापायच्या आकाशात मी थोडा थॅलो मिसळते. छपाईच्या सायन शाईत तेच रंगद्रव्य असतं, त्यामुळे तो बराच जवळचा येतो. प्रूफ त्याच कागदावर माग आणि दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बघ.

करारावर सही करण्याआधी एक गोष्ट. आपल्याकडे समज असतो की चित्र मी काढलं म्हणजे हक्क माझाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाच. मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून केलेल्या पेंटिंगचा पहिला हक्क, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, करवून घेणाऱ्याचा असतो. म्हणून वेगळं ठरवून घ्यायचं आणि लिहून घ्यायचं: हक्क माझा, तुम्हाला अमुक भाषेत, अमुक वर्षांसाठी छापायची परवानगी. मूळ चित्रं माझ्याकडे परत येतील हेही वेगळ्या वाक्यात. आणि मुदत. एक जोडपान मला साधारण अडीच दिवस घेतं, बकऱ्यासकट, आणि संहितेपासून स्कॅनपर्यंत पुस्तकाला पाच महिने. तुला जास्त लागतील. दोन महिन्यांत हवं असेल तर जलरंग मागू नका, असं सांगायला हरकत नाही.

पुस्तक छापून आल्यावर एक प्रत घेऊन मी डॉकवर गेले. बाजूला हो म्हणणाऱ्या मावशी भेटल्या. हात पुसून त्यांनी पानं उलटली, स्वतःसारख्या बाईला बघून हसल्या आणि पापलेटवर येऊन थांबल्या. माझे तीन दिवस गेलेली ती चांदी. म्हणाल्या, "शेपूट चुकलंय गो. खालची पाकळी लांब असते." त्यांनी पाटीतला एक उचलून दाखवला. खरंच लांब होती. मी दोन्ही सारख्या काढल्या होत्या, वहीत त्याचं टिपण नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी नुसती शेपटी वेगळ्या तुकड्यावर रंगवली आणि स्कॅनमध्ये जोडून दिली.